जामदारखान्याच्या किल्ल्या

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, या म्हणीचा वाक्यात उपयोग आपण सर्वांनी शाळेत करून दाखवला आहे. त्या वेळी मला नेहमी प्रश्न पडे, की चोराच्या हाती किल्ल्या देणारा असा शहाणा असतो तरी कोण? गेल्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात मला त्याचे उत्तर मिळाले. तो शहाणा म्हणजे प्रस्तुत लेखिकाच होय!

आपल्या ग्रंथालयातील सात नंबरच्या कपाटात या वार्षिकाचे जुने अंक आहेत. ते कपाट उघडायचे तर ग्रंथपाल सरांच्या टेबलावरील जाड वहीत नाव, वर्ग, तारीख आणि वेळ लिहून सही करावी लागते. किल्ली परत केली की दुसरी सही. वाङ्मय मंडळाच्या कामासाठी गेली दोन वर्षे मी त्या वहीत किती सह्या केल्या असतील, त्याची गणती नाही. त्याच अंकांच्या पानांची छायाचित्रे काढून ती महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवण्याचे काम मात्र मी एकही सही न करता केले. माझ्या मते या प्रकरणाचे सारे मूळ या एका विसंगतीत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

संकेतस्थळ कसे सांभाळावे हे मला कोणी शिकवलेले नव्हते. चार वर्षांपूर्वी आपल्याच महाविद्यालयातील एका दादांनी ते उभे करून दिले. ते आता नोकरीनिमित्त पुण्याला असतात. त्यांनी ठरवून दिलेले एकच नाव, ‘ॲडमिन’, आणि एकच पासवर्ड. हा पासवर्ड प्राध्यापक-कक्षातील एका वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेला होता, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता, आणि कार्यालयातील दोघातिघांना तोंडपाठ होता. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा जवळ आला होता. त्यापूर्वी जुने अंक सर्वांना पाहता यावेत अशी प्राचार्यांची इच्छा होती. नेमके त्या दिवशी महाविद्यालयातील इंटरनेट बंद पडले, म्हणून मी एस.टी. स्थानकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथल्या संगणकावर ब्राउझर उघडला, पासवर्ड घातला आणि पाने वर चढवू लागले. ब्राउझरने मध्येच विचारले, हा पासवर्ड लक्षात ठेवू का? माझ्या गावची साडेपाचची गाडी समोर फलाटाला लागलेली दिसत होती. मी ‘हो’ म्हटले, पान मिटले आणि पळत सुटले.

बारा दिवसांनी प्राचार्यांना एका माजी विद्यार्थ्याचा परदेशातून फोन आला. आपण विद्यार्थी असतानाचा अंक उघडावा म्हटले, तर पैजा लावण्याच्या जुगाराच्या जाहिराती उघडतात, असे त्यांचे म्हणणे. इतकेच असते तर चार दिवस चेष्टा होऊन विषय संपला असता. परंतु त्याच ठिकाणी कार्यालयाने ‘तात्पुरती’ म्हणून ठेवलेली एक यादी होती. ‘कमवा व शिका’ योजनेतील मुलामुलींची नावे, मोबाइल क्रमांक आणि बँकेचे खाते क्रमांक त्या यादीत होते. त्याच आठवड्यात यादीतील माझ्या एका मैत्रिणीला फोन आला. बोलणाऱ्याने तिचे पूर्ण नाव घेतले, योजनेचे नाव घेतले, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बिनचूक सांगितले, आणि तुमचे मानधन अडकले आहे, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा, असे म्हटले. इतके सगळे ठाऊक असणारा मनुष्य कार्यालयातलाच असणार, असे तिला वाटले. तिने ओटीपी सांगितला. ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे घालून मिळवलेले २,१०० रुपये एका मिनिटात गेले. हे सर्व मी तिच्या परवानगीने लिहीत आहे.

आता चोर आला कोणत्या वाटेने? मी दुकानात मागे ठेवलेल्या पासवर्डाने, की पेन्सिलीच्या अक्षरांवरून, की व्हॉट्सॲपवरून कोणाच्या हरवलेल्या मोबाइलमधून? आम्ही होस्टिंग कंपनीकडे विचारणा केली. त्यांच्याकडे मागच्या थोड्याच दिवसांच्या नोंदी शिल्लक होत्या, आणि त्या सगळ्या एकाच नावाने होत्या: ॲडमिन, ॲडमिन, ॲडमिन. मीही ॲडमिन, कार्यालयातील बाबूही ॲडमिन, पुण्याचे दादाही ॲडमिन आणि चोरही ॲडमिन! त्यामुळे माझ्यावर ठपका ठेवता आला नाही. पण मी निर्दोष आहे, असेही मला कोणी म्हणू शकले नाही. हे दुसरे मला जास्त लागले.

या प्रसंगानंतर या विषयावर जे मिळेल ते मी वाचले, जाणकारांना विचारले. कला शाखेच्या मुलीने या भानगडीत कशाला पडावे, असे काहींना वाटेल. परंतु आज परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, गुणपत्रक, ग्रंथालयाची सूची, इतकेच काय, आपल्या कवितासुद्धा दूरच्या कुठल्यातरी यंत्रावर असतात. आपण त्या यंत्राकडे जातो ते ब्राउझरच्या दारानेच. ज्या दाराने रोज जायचे, ते नीट लागते की नाही हे पाहण्यासाठी सुतार असण्याची गरज नाही.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय ते सांगते. संकेतस्थळ ही हवेत तरंगणारी वस्तू नव्हे. दूरच्या शहरात एखाद्या गार खोलीत रात्रंदिवस चालू असणाऱ्या संगणकावर ते ठेवलेले असते. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. वाचक तिथली पाने फक्त पाहतो. पण ज्याच्याकडे किल्ली आहे, तो इथे बसून त्या यंत्राला हुकूम सोडतो. हे पान ठेव, ते काढ, ही यादी दाखव. हुकूम कोणी सोडला हे यंत्राला चेहरा पाहून ओळखता येत नाही. किल्ली बरोबर असली की त्याच्या दृष्टीने तोच मालक.

दूरच्या यंत्रावर काम करण्याची गरज काही नवी नाही. १९६९ च्या सुमारास अमेरिकेत आर्पानेट जुळू लागले, तेव्हापासून टेलनेट नावाची रीत चालत आली. तिच्यात पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जाई; वाटेतल्या कोणीही वाचावा. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेमके तसेच घडले. तिथल्या जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड टिपून घेतले. तेव्हा तिथल्याच तातू इलोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एसएसएच ही पद्धत रचली. हिच्यात सारे बोलणे कुलूपबंद होऊन जाते. शिवाय पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. जोडीतली एक सर्व्हरवर राहते, आणि दुसरी आपल्या स्वतःच्या संगणकातून बाहेर पडत नाही. आजही सर्व्हर सांभाळणाऱ्यांची भिस्त याच पद्धतीवर आहे.

परंतु एसएसएच शिकावी लागते. काळ्या पडद्यावर एकेक हुकूम लिहावा लागतो. ब्राउझरला शिकवणीची गरज नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तो संशोधकांना एकमेकांचे कागद पाहता यावेत म्हणून. त्याच ब्राउझरात आज आपण वर्तमानपत्र वाचतो, गाणी ऐकतो, वीजबिल भरतो, आणि दुसऱ्या पानावर सर्व्हरचे कंट्रोल पॅनेल उघडून त्याला हुकूमही सोडतो. वाड्याच्या एकाच दिंडीने भाजीवाला, पाहुणा, पोस्टमन, बहुरूपी आणि जामदारखान्याचा कारभारी असे सगळेच ये-जा करू लागले तर काय होईल? तेच इथे होते.

ब्राउझरचा स्वभाव आहे लक्षात ठेवण्याचा. हा स्वभाव त्याला मुद्दाम लावला गेला. मुळात ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याला आठवण नव्हती. प्रत्येक पान मागताना आपण सर्व्हरला नवखेच. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी यावर तोड काढली आणि तिला ‘कुकी’ असे नाव पडले. आपल्या स्नेहसंमेलनात फाटकावर एकदा ओळखपत्र दाखवले की मनगटावर शाईचा शिक्का मारतात. मग रात्रभर कितीही वेळा आत-बाहेर करा, ओळखपत्र कोणी मागत नाही. कुकी म्हणजे तो शिक्का. पासवर्ड एकदाच द्यायचा, पुढे शिक्क्यावर काम. सोय उत्तम! पण त्या शिक्क्याची हुबेहूब नक्कल दुसऱ्याच्या मनगटावर उठवता आली तर? मग त्याला ओळखपत्राची, म्हणजे पासवर्डाची, गरजच उरत नाही.

ही भीती केवळ कल्पनेतली नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी ‘फायरशीप’ नावाचा एक छोटासा जोड-प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. उपाहारगृहातल्या खुल्या वायफायवर बसून त्याचे बटण दाबले की आसपासच्या लोकांचे शिक्के पडद्यावर दिसत आणि एका टिचकीसरशी त्यांच्या खात्यात शिरता येई. बड्या संकेतस्थळांची झोप उडावी हाच त्यांचा हेतू होता, आणि झोप उडालीही. पासवर्डापुरताच नव्हे, तर सारा व्यवहार बंद लिफाफ्यातून करण्याची सोय फेसबुकने जानेवारी २०११ मध्ये दिली. हळूहळू तोच शिरस्ता झाला, आणि वाटेवरची ही चोरी आज बरीच अवघड झाली आहे.

वाट बंद झाली तसा चोर घराकडे वळला. शिक्का ब्राउझरमध्येच असतो, तर तिथूनच उचलावा! आज असे चोरटे प्रोग्राम आहेत, जे संगणकात शिरताच ब्राउझरने जतन केलेले सर्व पासवर्ड आणि चालू कुकी वेचून धन्याकडे पाठवतात. झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर दिवसभर शंभर जणांचे पेनड्राइव्ह लागत असतील. तिथे मी ब्राउझरला ‘हो, लक्षात ठेव’ असे सांगून आले होते. आणि पान मिटणे म्हणजे लॉग आउट करणे नव्हे, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. आपण फाटकातून घरी गेलो, तरी शाई मनगटावर असतेच.

माझ्यासारख्या अडाणी मुलीची ही कथा, असे म्हणून हे सोडून देता येत नाही. ओक्टा ही अमेरिकेतील मोठी कंपनी. दुसऱ्या कंपन्यांच्या दारावर कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचाच तिचा धंदा. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिच्याच मदत-कक्षाच्या यंत्रणेत चोर शिरला. कंपनीने नंतर जे जाहीर केले, ते वाचून मी सुन्न झाले. कंपनीच्या लॅपटॉपवरील क्रोम ब्राउझरमध्ये एका कर्मचाऱ्याने स्वतःचे खासगी गुगल खाते उघडले होते, आणि मदत-कक्षाच्या एका खात्याचे नाव व पासवर्ड ब्राउझरने त्या खासगी खात्यात जतन करून ठेवले होते. खासगी खाते जिथे जिथे उघडेल, तिथे तिथे ती किल्ली पोचणार! ती त्या खासगी खात्यातून किंवा खासगी यंत्रातून चोराच्या हाती लागली असावी, असा कंपनीचा निष्कर्ष होता. ब्राउझरने एक साधा प्रश्न विचारला असेल आणि कोणीतरी घाईत ‘हो’ म्हटले असेल. माझी एस.टी. चुकत होती, त्या मनुष्याचे काय चुकत होते कोण जाणे.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. ग्राहकांनी आपली अडचण नीट समजावी म्हणून स्वतःच्या ब्राउझरची सारी देवाणघेवाण नोंदवून तिच्या फाइली त्या मदत-कक्षाला पाठवल्या होत्या. त्या फाइलींत शिक्केही होते. १३४ ग्राहकांच्या फाइलींपर्यंत चोर पोचला आणि त्यांतील ५ ग्राहकांच्या बाबतीत त्याने ते शिक्के वापरून थेट आत प्रवेश केला. पासवर्ड विचारला गेला नाही, कारण शिक्का असल्यावर तो विचारायचाच नसतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून वेगळा काय असणार?

तिसरी वाट एक्स्टेंशनांची. ब्राउझरला आपण नाना तऱ्हेचे दागिने चढवतो: एक जाहिराती अडवणारा, एक शब्दार्थ सांगणारा, एक व्याकरण सुधारणारा. यांतील कित्येकांना आपण उघडलेले प्रत्येक पान वाचण्याची परवानगी असते. म्हणजे कंट्रोल पॅनेल उघडले की तेही त्यांच्या नजरेखाली. डिसेंबर २०२४ मध्ये, ऐन नाताळात, सायबरहेवन या माहिती-सुरक्षेचेच काम करणाऱ्या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला खोट्या ईमेलने फसवले गेले. चोरांनी तिच्या एक्स्टेंशनची बिघडवलेली आवृत्ती अधिकृत दुकानातूनच वाटली. हे एक्स्टेंशन सुमारे ४ लाख लोक वापरत होते. त्यांतील ज्यांच्या ब्राउझरने त्या दिवशी आपण होऊन ‘सुधारणा’ करून घेतली, त्यांनी काय चूक केली होती? काहीच नाही. जोड-प्रोग्राम आज चांगला आहे म्हणून उद्याही चांगलाच राहील, याची हमी नसते, एवढाच त्याचा अर्थ.

याखेरीज, एका पानावर कंट्रोल पॅनेल उघडे असताना शेजारच्या पानावरील लबाड मजकूर आपल्याच शिक्क्याने आपल्या सर्व्हरला परस्पर हुकूम सोडू शकतो. चांगल्या रीतीने लिहिलेले प्रोग्राम ही पळवाट बुजवतात. पण आपल्यासारख्या लहान महाविद्यालयाचा चार वर्षांत न सुधारलेला प्रोग्राम बुजवतोच, असे कोणी सांगावे?

आणि ते पत्त्याशेजारचे छोटे कुलूप! कुलूप दिसले की जागा सुरक्षित, असे मला वर्गातील निम्म्या मुलांनी सांगितले. ते कुलूप फक्त एवढेच सांगते, की वाटेत कोणी वाचणार नाही. पलीकडे साधू बसला आहे की भोंदू, हे ते सांगत नाही. भोंदूही आपल्या दाराला तसेच कुलूप लावू शकतो, आणि लावतोच. लोकांचा हा गैरसमज पाहून अखेर गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये संगणकावरील क्रोममधून ते चित्रच काढून टाकले आणि त्याजागी दुसरे, साधे चिन्ह ठेवले. चित्र गेले तरी समजूत मात्र अजून आपल्या डोक्यात आहे.

इतके सांगितल्यावर ब्राउझर वाईट आणि जुनी रीत चांगली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. परंतु संगणकशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांनी माझे बोलणे ऐकून घेतले आणि शांतपणे दुसरी बाजू मांडली. ते म्हणाले, आजचा ब्राउझर आपण होऊन वरचेवर दुरुस्त होतो. एका संकेतस्थळाचे पान दुसऱ्यापासून वेगळे ठेवण्यासाठी त्यात कसोशीने भिंती घातलेल्या असतात. एसएसएचची किल्लीसुद्धा लॅपटॉपवर तशीच उघडी ठेवली तर चोरीस जातेच. उलट मोठ्या संस्था आपले सगळे सर्व्हर एकाच राखणदार दारामागे ठेवतात आणि कर्मचाऱ्यांना ब्राउझरमधूनच आत घेतात. त्यामुळे प्रत्येकाच्या हाती सर्व्हरची किल्ली द्यावी लागत नाही. कोण केव्हा आला, किती वेळ थांबला, सगळे नोंदले जाते.

सरांचे म्हणणे मला पटले. किंबहुना माझा मुद्दा त्यामुळे अधिक पक्का झाला. दार ब्राउझरचे आहे की आणखी कशाचे, हा खरा प्रश्न नव्हे. त्या मोठ्या संस्थांच्या दाराशी वही आहे आणि आपल्या दाराशी ती नाही, हा खरा प्रश्न आहे. सात नंबरच्या कपाटातील अंकांचे मोल आपण जाणतो, म्हणून तिथे सही घेतो. तेच अंक आणि त्यांच्या जोडीला दुर्बल मुलांची खाती सर्व्हरवर जातात, तेव्हा मात्र पुठ्ठ्यावरची पेन्सिल आपल्याला पुरेशी वाटते. दिसत नाही ते कपाट नव्हे, असे आपण मानून चाललो आहोत.

मग करावे काय? माझी मते मी नम्रपणे मांडते. पहिली गोष्ट, ‘ॲडमिन’ हे सामाईक नाव बंद व्हावे. जो काम करील त्याला त्याच्या नावाने वेगळे खाते, कामापुरताच अधिकार, आणि वर्ष संपताच ते खाते बंद. मला पाने चढवायची होती. यादी पाहण्याचा अधिकार मला असण्याचे कारणच नव्हते. दुसरी गोष्ट, पासवर्डाच्या जोडीला दुसरा पुरावा हवा. यात मोबाइलवरील आकड्यापेक्षा हातातली लहानशी सुरक्षा-किल्ली अधिक भरवशाची, कारण खोट्या संकेतस्थळावर ती चालतच नाही. गुगलने २०१७ पासून आपल्या कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या. तेव्हापासून ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी कोणाचेही कामाचे खाते फसवून काढून घेतले गेले नाही, असे तिने २०१८ साली सांगितले होते. अर्थात ही किल्ली फाटकावरची तपासणी कडक करते. मनगटावरचा शिक्का चोरीला गेला तर तिचाही इलाज चालत नाही.

म्हणून तिसरी गोष्ट: सर्व्हरच्या कामासाठी वेगळा ब्राउझर ठेवावा. त्यात एकही एक्स्टेंशन नसावे, कोणाचे खासगी खाते नसावे, पासवर्ड जतन करण्याची सोय बंद असावी. त्यात गाणी ऐकू नयेत, ईमेल उघडू नये. काम संपले की लॉग आउट करावे, नुसते पान मिटू नये. आणि दुकानातल्या संगणकावरून हे काम कधीही करू नये, मग एस.टी. चुकली तरी चालेल. चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत मोलाची. जी यादी सर्व्हरवर नाही, ती सर्व्हरवरून चोरीला जात नाही. ‘तात्पुरते’ ठेवलेले तिथे कायमचे राहते, हा सर्वांचा अनुभव आहे. या चारही गोष्टींना मिळून एका भिंतीच्या रंगकामाइतकाही खर्च येणार नाही.

कायद्यानेही आता याकडे पाहिले आहे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा त्याहून पुढे जातो. ज्याने माहिती गोळा केली, तिच्या रक्षणाची जबाबदारी तो त्याच्यावरच टाकतो. परंतु कायद्याचा धाक दाखवून मला कोणाला कामाला लावायचे नाही. ज्या मुलीने पहाटे घरचे आवरून, दुपारी पुस्तकांना पुठ्ठे घालून शिक्षण चालवले आहे, तिने आपला खाते क्रमांक विश्वासाने आपल्या हाती दिला होता. तिच्याबाबत आपले कर्तव्य कायदा नसता तरी हेच असते.

प्रत्येकाला वेगळे खाते आणि प्रत्येक वेळी नोंद म्हणजे मुलांवर अविश्वास, असा आक्षेप आमच्या मंडळाच्या बैठकीत एका मित्राने घेतला. मला तो मान्य नाही. ग्रंथपाल सर माझी सही घेतात, तेव्हा ते मला चोर समजत नाहीत. कपाटातला अंक उद्या नाहीसा झाला, तर मी तो परत ठेवला होता हे सांगणारी तीच वही असते. नोंद ही प्रामाणिक माणसाची साक्षीदार आहे. गेल्या ऑगस्टमध्ये अशी एक नोंद असती, तर निदान मला तरी कळले असते, की मैत्रिणीचे पैसे माझ्या घाईमुळे गेले की नाही. आज ते मला ठाऊक नाही आणि आता कधी ठाऊक होणारही नाही.

पासवर्ड आता बदलला आहे, यादी काढून टाकली आहे, जुने अंक पुन्हा वाचता येत आहेत. मंडळातील आम्ही सात जणांनी मिळून मैत्रिणीला २,१०० रुपये भरून दिले. ती घेत नव्हती. मराठीच्या बाईंनी समजावल्यावर घेतले. मग ती म्हणाली, “पैशांचे काही नाही गं, पण आता अनोळखी नंबरचा फोन वाजला की उचलावासा वाटत नाही. मागच्या महिन्यात नोकरीच्या मुलाखतीचा फोन आला होता, तोही मी उचलला नाही.”

वेगळ्या खात्यांचे मात्र अद्याप कोणी मनावर घेतलेले नाही. नवा पासवर्डही एकच आहे आणि तो पुन्हा ग्रुपवर आला आहे. यंदाच्या या अंकाची पाने सर्व्हरवर चढवण्याचे काम द्वितीय वर्षातील एका मुलीकडे येणार, असे ऐकते. प्राचार्य आणि प्राध्यापकवर्ग यांना माझी हात जोडून विनंती आहे, की तिच्या हाती किल्ली देण्यापूर्वी तिचे नाव लिहा आणि तिची सही घ्या.

— तृतीय वर्ष, कला